भुंगेऱ्याला कशाला बोल लावायचा?

गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. "काकू, गावच्या टेकडीवर या पावसाळ्यात दोन हजार झाडं लावतोय. पहिलं रोप तुमच्या हातून लावायचं ठरलंय. गाडी पाठवतो."

ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? निवृत्त शिक्षिकेला उद्घाटनाला कोण बोलावतं! मी सहज विचारलं, "कुठली झाडं रे?"

"गिरिपुष्प. सगळी गिरिपुष्पच. भराभर वाढतं, गुरं तोंड लावत नाहीत, आणि रोपवाटिकेत तेच भरपूर आहे."

"दोन हजारच्या दोन हजार?"

"हो."

"मग मी येत नाही," मी म्हटलं.

पलीकडे एकदम शांतता. मग "बरं" म्हणून त्याने फोन ठेवला. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन, दुसऱ्या दिवशी नणंदेचा. पोरगं चांगलं काम करतंय तर म्हातारीने खोडा घातला, असा एकूण सूर. एकेकीला फोनवर समजावत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते. मात्र माझ्या 'नाही'चं कारण सांगायला मला तुम्हाला थेट जर्मनीत न्यावं लागणार आहे. जरा धीर धरा.

माझी लेक ब्राउनश्वाइगला राहते, हे घरच्यांना ठाऊक आहेच. तिथून दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर हार्झ नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. त्यातलं सर्वांत उंच शिखर ब्रोकेन, ११४१ मीटर. आपल्या कळसूबाईपुढे ते धाकटंच, पण उत्तर जर्मनीच्या सपाटीवर तेवढंही भारदस्त दिसतं. ग्योथेच्या 'फाउस्ट'मधल्या चेटकिणी जमतात त्या याच डोंगरावर. वेर्निगेरोडे नावाच्या टुमदार गावातून तिथे अजूनही कोळशाच्या इंजिनाची छोटी गाडी जाते. २०१४ मध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा नातू मांडीवर होता आणि मी खिडकीला नाक लावून बसले होते.

मी बी.ए. केलं मराठी घेऊन, पण शाळेत भूगोलाचे तास वर्षानुवर्षं माझ्याच वाट्याला यायचे. 'सूचिपर्णी वृक्षांची अरण्ये : मऊ लाकूड, कागद, आगपेट्या' हे मी किती वर्गांना लिहून दिलं असेल, देव जाणे. पण सूचिपर्णी अरण्य पाहिलं ते वयाच्या पासष्टीला आल्यावर. गाडी शीर्के स्टेशनच्या पुढे गेली आणि दोन्ही बाजूंना नुसता काळसर हिरवा अंधार. उंच, सरळ, एकासारखं एक झाड. स्प्रूस म्हणतात इंग्रजीत, जर्मन लोक फिख्टे म्हणतात. मधूनमधून काही वाळलेली झाडं होती, पण माझं तिकडे लक्ष गेलं नाही. शाळेत प्रार्थनेला मुलं ओळीत उभी राहावीत तसं ते जंगल मला वाटलं, आणि बाईंना ओळ आवडणारच!

दुसऱ्यांदा गेले २०२२ च्या जून महिन्यात. मध्ये कोरोनाची वर्षं गेली होती. तीच गाडी, तीच खिडकी. नातू आता समोर बसून मोबाईल बघत होता. गाडी वर चढायला लागली आणि मी लेकीला विचारलं, "इथे आग लागली होती का गं?"

आग लागली नव्हती. डोंगरच्या डोंगर राखाडी झाले होते. झाडं उभीच होती, पण पानं नाहीत, साल गळालेली, शेंडे मोडलेले. जिथे झाडं कापून नेली होती तिथे नुसते बुंधे. माझ्या घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. समोरच्या बाकावर एक वृद्ध जोडपं बसलं होतं. त्यातल्या बाई बाहेर बघतच नव्हत्या.

"कुणी केलं हे?" मी विचारलं. जावई म्हणाले, "एका किड्याने. एवढासा असतो." आणि त्यांनी चिमटीत तांदळाचा दाणा धरावा तशी बोटं धरली.

तेव्हा मला त्या किड्याचा इतका संताप आला होता, की फवारा का नाही मारला, विमानं नाहीत का यांच्याकडे, वगैरे बरंच बोलले. ते सगळं बोलणं आज मागे घेते.

घरी आल्यावर मी त्या किड्याची माहिती काढायला लागले. आधी लेकीने वाचून दाखवलं, मग नातवाने शाळेतलं पुस्तक आणलं. हा एक भुंगेरा आहे, जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचा. जर्मन लोकांनी त्याला नाव दिलंय 'बुखड्रुकर', म्हणजे पुस्तकं छापणारा, आपल्या भाषेत मुद्रक! का, तर साल सोलली की आतल्या बाजूला त्याने पोखरलेल्या रेघा छापील पानासारख्या दिसतात. मधोमध एक उभी रेघ, आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना निघालेल्या बारीक बारीक आडव्या रेघा. उभी रेघ आईची, आडव्या पिल्लांच्या.

त्याचं काम असं चालतं. वसंतात हवा साधारण सोळा-सतरा अंशांच्या वर गेली की हे भुंगेरे उडायला लागतात. आधी नर एखादं झाड शोधतो, सालीला भोक पाडून आत खोली करतो आणि एक वास सोडतो. त्या वासावर माद्या येतात, आणखी नरही येतात. प्रत्येक मादी सालीखाली एक बोगदा खणत जाते आणि दोन्ही कडांना अंडी घालते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या सालीच्या आतला कोवळा थर खात आडव्या सरकतात. झाडाचं अन्न वरून खाली जातं ते याच थरातून. हा थर चहूबाजूंनी तुटला की झाड उपाशी मरतं. भुंगेऱ्यांच्या अंगाला चिकटून एक बुरशीही आत येते, ती लाकूड निळसर करते आणि झाडाचं पाणीही अडवते. झाडाच्या बुंध्याशी तपकिरीसारखा बारीक भुसा पडलेला दिसला की जंगलरक्षक समजतो, काय ते. आणि गंमत बघा, झाडात पुरेशी गर्दी झाली की भुंगेरे वेगळा वास सोडतात. जागा भरली, पुढचं झाड बघा! आपल्या एस.टी.त कंडक्टर ओरडतो तसं.

आता प्रश्न असा, की हा भुंगेरा काही काल जन्माला आलेला नाही. स्प्रूस आणि तो हजारो वर्षं एकत्र राहताहेत. एरवी तो वादळात पडलेली, म्हातारी, आजारी झाडं खाऊन राहतो. धडधाकट झाडाला भोक पाडलं की झाड त्या भोकातून राळ सोडतं आणि भुंगेरा त्यात बुडून मरतो. सुतारपक्षी आहेत, भुंगेऱ्यांना खाणारे दुसरे भुंगेरे आहेत. सगळं आपापल्या जागी असतं.

मग बिघडलं कुठे? २०१८ च्या जानेवारीत तिकडे मोठं वादळ झालं आणि अनेक झाडं आडवी झाली. भुंगेऱ्याला आयती मेजवानी. त्याच वर्षी उन्हाळा असा तापला, की तोवरच्या नोंदींतलं ते जर्मनीतलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. पाऊस नाही. २०१९ तसंच, २०२० तसंच. स्प्रूसची मुळं उथळ असतात. जमिनीत ओल नाही तर राळ कुठून येणार? झाडाच्या हातातली ढालच गेली.

शिवाय उन्हाळा लांबला की भुंगेऱ्याला वर्षात जास्त पिढ्या काढता येतात. फळ्यावर मांडावा तसा हिशेब मांडते. समजा, एका मादीने ६० अंडी घातली आणि सगळी जगली. (जगत नाहीत, पण उदाहरणापुरतं धरू.) त्यांतल्या निम्म्या माद्या, म्हणजे ३०. त्या प्रत्येकीच्या पुन्हा ३०, म्हणजे ९००. थंड डोंगरावर गोष्ट पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीला थांबायची. आता उन्हाळा आठवडे-दोन आठवडे आधी सुरू झाला आणि उशिरा संपला, तर तिसरी पिढी बसते. ९०० गुणिले ३०, सत्तावीस हजार! तापमानात एक-दीड अंश वाढ म्हणजे काय एवढं मोठं, असं मला पूर्वी वाटायचं. उन्हाळ्यात घरातला पंखा एक घर वाढवायचा, झालं. पण त्या दीड अंशात एक अख्खी पिढी मावते, हे मला या हिशेबाने समजलं.

२०१८ च्या जानेवारीपासून २०२१ च्या एप्रिलपर्यंत जर्मनीतलं सुमारे पाच लाख हेक्टर जंगल गेलं, असं उपग्रहांच्या छायाचित्रांवरून तिथल्या अंतराळ संस्थेने काढलं. देशातल्या एकूण जंगलाच्या जवळजवळ पाच टक्के, तेही सव्वातीन वर्षांत.

इथवर सगळा दोष हवेचा वाटतो. मलाही तसंच वाटत होतं, पण मग ओमा भेटल्या.

लेकीच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात. नातू त्यांना ओमाच म्हणतो, म्हणून मीही. तेव्हा त्या नव्वदीला टेकल्या होत्या. जन्म हार्झमधल्या एका खेड्यातला. मी हार्झचं बघून आल्यावर रडवेली झाले होते, हे लेकीने त्यांना सांगितलं, तशा त्या काठी टेकत वर आल्या आणि म्हणाल्या, "ती झाडं मी लावली आहेत."

मला आधी वाटलं, भाषांतरात काही चुकलं. चुकलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाग इंग्रजांच्या ताब्यात होता. नुकसानभरपाई म्हणून आणि जळण म्हणून हार्झमधली जंगलं मैलोन्‌मैल कापली गेली. पुरुष युद्धात मेलेले किंवा कैदेत. मग उघडे पडलेले डोंगर पुन्हा झाकायला बायका आणि मुली कामाला लागल्या. ओमा तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. पाठीला रोपांची टोपली, हातात कुदळ, दिवसभर ओणवं राहून एकेक रोप. त्या बायकांची आठवण म्हणून पुढे पन्नास फेनिगच्या नाण्यावर गुडघ्यावर बसून रोप लावणारी एक स्त्री आली. २००२ मध्ये युरो आले तोपर्यंत ते नाणं चालत होतं. ओमांनी एक नाणं बटणांच्या डब्यात जपून ठेवलं होतं, ते त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं.

"नीट बघ," त्या म्हणाल्या. "ही बाई काय लावते आहे? ओक. आणि आमच्या टोपलीत काय होतं? फिख्टे, फिख्टे आणि फिख्टे." आणि त्या हसल्या. त्यांचं हसणं मला बघवलं नाही.

आता जरा मागे जाऊ. हार्झमध्ये स्प्रूसचं खरं घर वरच्या थंड भागात, साधारण आठशे मीटरच्या वर. खालच्या उतारांवर मूळचं जंगल बीच नावाच्या रुंद पानांच्या झाडाचं. पण हार्झ म्हणजे खाणी. गोस्लारजवळच्या राम्मेल्सबेर्गची खाण हजार वर्षांहून जास्त चालली आणि १९८८ मध्ये बंद झाली. चांदी, तांबं, शिसं काढायचं तर टेकू द्यायला लाकूड हवं, भट्ट्यांना कोळसा हवा. जुनं जंगल त्यात संपलं. मग भराभर सरळसोट वाढणारं आणि उघड्या माळावर थंडीतही तग धरणारं झाड म्हणून खालपर्यंत स्प्रूस लावत आणला. युद्धानंतर पुन्हा तेच. मला २०१४ मध्ये प्रार्थनेच्या रांगा वाटल्या होत्या, त्या खरोखरच माणसाने आखलेल्या रांगा होत्या! एका वयाची, एका जातीची झाडं, खांद्याला खांदा लावून उभी. भुंगेऱ्याला एका घरातून दुसऱ्या घरात जायला उंबरासुद्धा ओलांडायला लागला नाही.

मी ओमांना विचारलं, तुम्हाला राग नाही येत? त्या म्हणाल्या, "कुणाचा? आम्हाला झाड निवडायला कुणी विचारलं नव्हतं. डोंगर उघडा होता, पोट रिकामं होतं, रोपं आली ती लावली. त्या वेळी ते चांगलंच काम होतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मीसुद्धा असं एक चांगलं काम करून बसले आहे, आणि मला रोपं लावायला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं.

१९८५ ची गोष्ट. तेव्हा जिकडेतिकडे सुबाभूळ. चारा, जळण, खत, सगळं देणारं झाड म्हणून त्याचं कौतुक चालू होतं. आमच्या शाळेलाही सहाशे रोपं मिळाली. शाळेमागच्या माळावर मी सातवीच्या मुलांकडून खड्डे खणून घेतले. माळ काही मोकळा नव्हता. बोरी होत्या, करवंदाच्या जाळ्या होत्या, हिवराची झाडं होती. ती काढून टाकली. एका मुलीने विचारलं, "बाई, करवंदाची जाळी कशाला तोडायची? आम्ही खातो की." मी तिला म्हटलं, "अगं, ते झाड नव्हे, झुडूप आहे." मला हे वाक्य शब्दन्‌शब्द आठवतं. तिला आठवत नसेल अशी आशा आहे. रोपांची संख्या वहीत लिहिली, आम्हाला प्रशस्तिपत्रक मिळालं, ते मुख्याध्यापकांच्या खोलीत लागलं.

१९८८ मध्ये सुबाभळीवरचा एक परदेशी किडा दक्षिण भारतात आला आणि तिथून पसरत गेला. तुडतुड्यासारखा, पिवळट, कोवळ्या शेंड्यांवर बसून रस शोषणारा. आमच्या माळावरही पुढे शेंडे चिकट झाले, काळे पडले, पानं झडली. एक झाड सुटलं नाही, कारण दुसऱ्या जातीचं झाडच नव्हतं. काही मेली, बरीच पुन्हा फुटली. जी जगली त्यांनी शेंगा टाकून टाकून सगळा माळ सुबाभळीचाच करून टाकला. करवंदं गेली ती गेलीच. तेव्हा मी काय म्हटलं असेल? "मेला किडा!" असंच म्हटलं. झाडं कुणी निवडली, हा प्रश्न मी स्वतःला विचारला तो ओमांचं नाणं हातात घेतल्यावर, सदतीस वर्षांनी.

तर आता माझं मत. पटलं नाही तर भांडा, पण पूर्ण वाचून भांडा.

पहिलं म्हणजे, मेलेलं जंगल तसंच ठेवायचं की साफ करायचं, यावर तिकडे मोठे वाद आहेत. हार्झचा बराच भाग राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे पुष्कळशी झाडं मुद्दाम उभी ठेवली आहेत. माझ्या जावयांना हा शुद्ध आळशीपणा वाटतो. मलाही वाटला होता. पण एक गोष्ट लक्षात घ्या. झाड राखाडी होईपर्यंत भुंगेरा त्यातून कधीच निघून गेलेला असतो. मेलेल्या झाडात त्याला खायला काही नाही. तेव्हा किड्याला आवरण्यासाठी वाळलेलं झाड कापणं म्हणजे चोर पळून गेल्यावर दाराला कुलूप लावणं. कापायचं तर आत किडा असताना, झाड हिरवं दिसत असतानाच. उलट वाळलेले खांब कोवळ्या रोपांना सावली देतात, पडले की ओल धरतात, हरणांना वाट अडवतात.

याचं मोठं उदाहरण बव्हेरियात आहे. तिथलं राष्ट्रीय उद्यान जर्मनीतलं पहिलं, १९७० चं. १९८३ मध्ये वादळाने झाडं पडली, तेव्हा उद्यानाचे प्रमुख हान्स बिबेलरीटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, की निसर्गाला निसर्ग राहू द्यायचं, हात लावायचा नाही. नव्वदच्या दशकात भुंगेऱ्याने हजारो हेक्टर जंगल वाळवलं. गावकरी खवळले, आमचा डोंगर मारलात म्हणाले. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण आज त्याच लूझेन डोंगराच्या उतारांवर तरुण जंगल उभं आहे, लहानमोठं, विरळदाट, ओळीत नसलेलं. मी हार्झमध्येही नंतर डोळे पुसून नीट बघितलं, तर राखाडी खांबांच्या पायथ्याशी बर्चची रोपं होती, पांढऱ्या फुलांचे रोवन होते, जांभळ्या घंटाफुलांचे तुरे होते, आणि हो, स्प्रूसची पोरंही होती. मरण बघण्याच्या नादात मी जन्म बघितलाच नव्हता.

पण म्हणून सगळीकडेच हात बांधून बसा, असंही मी म्हणणार नाही. जर्मनीतलं जवळजवळ निम्मं जंगल खाजगी मालकीचं आहे. आजोबांनी लावलेली झाडं म्हणजे नातवाच्या घराचे पैसे. बाजारात एकदम इतकं लाकूड आलं, की भाव कोसळले. कंटेनर भरभरून ओंडके चीनला गेले. अशा माणसाला 'तीस वर्षं थांब, निसर्ग भरून काढील' हे सांगणं सोपं आहे, कारण तीस वर्षं त्याला थांबायची असतात. त्याला मदत द्यायला हवी आणि पुढची लावणी मिश्र करायला हवी. आगीचंही तसंच. आम्ही येऊन गेल्यावर दोन-अडीच महिन्यांत, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ब्रोकेनजवळ मोठा वणवा लागला, इटलीहून विमानं मागवावी लागली. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा. तेव्हा गावांच्या कडेला, रेल्वेलगत, रस्त्यालगत वाळलेली झाडं काढलीच पाहिजेत. आत खोल जंगलात ठेवावीत. घरात आणि रानात एकच नियम लावता येत नाही, एवढं तर आपल्या आज्यांनाही माहीत होतं.

दुसरं. 'माणसाने एकाच जातीची झाडं लावली, म्हणून झालं. हवामानाचं उगाच सांगू नका,' असं म्हणणारेही आहेत. त्यांनी कॅनडाकडे बघावं. ब्रिटिश कोलंबियात पाइनची जंगलं माणसाने रांगेत लावलेली नव्हती. तिथला पाइनचा भुंगेरा वेगळ्या जातीचा, पण धंदा तोच. पूर्वी हिवाळ्यात उणे पस्तीस-चाळीसपर्यंत थंडी पडली, की सालीखालच्या अळ्या मरायच्या. तशी थंडी पडेनाशी झाली. शिवाय वणवे विझवत राहिल्यामुळे म्हातारी झाडं पुष्कळ साठली होती. नव्वदच्या दशकापासून त्याने सुमारे एक कोटी ऐंशी लाख हेक्टरवर हात मारला, आणि २००६ मध्ये तर रॉकी पर्वत ओलांडून मोठ्या झुंडीने अल्बर्टात उतरला. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा त्या भागातलं जंगल कार्बन शोषण्याऐवजी सोडायला लागलेलं दिसलं. जर्मनीतही २०२२ च्या वनगणनेत तेच दिसलं. २०१७ नंतर तिथल्या जंगलात साठलेला कार्बन घटला. म्हणजे हवा तापली म्हणून झाडं मेली, आणि झाडं मेली म्हणून हवा आणखी तापणार. तेव्हा माणसाची चूक आणि हवेची चूक अशी वाटणी करता येत नाही. हवाही आपणच तापवली आहे.

आणि बीचचं काय, तर त्या तीन कोरड्या वर्षांत बीचही वाळले. मिश्र जंगल म्हणजे हमी नव्हे. पण दहा जाती असल्या तर दहाही एकाच वर्षी जाणार नाहीत, एवढाच त्यातला अर्थ. घरातले सगळे दागिने एका डब्यात ठेवू नयेत, तसंच.

तिसरं, निराश होऊन बसण्याचं कारण नाही. ऐंशीच्या दशकात हार्झची झाडं आम्लपावसाने मरत होती. जर्मनीने १९८३ मध्ये मोठ्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांमधलं गंधक अडवायचा कायदा केला, पुढे इतर देशांनीही केले, आणि गंधकाचा पाऊस खरोखरच कमी झाला. माणसाने ठरवलं तर होतं. मात्र तेव्हाही फक्त रोपं लावून भागलं नव्हतं, धूर कमी करावा लागला होता.

आता पुतण्याकडे येते.

बाळा, तुझा हेतू वाईट आहे असं मी एका शब्दाने म्हटलेलं नाही. ओमांचा हेतू वाईट नव्हता, माझाही नव्हता. आपल्याकडे झाडं मोजायची हौस फार. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ मध्ये पन्नास कोटी झाडांचा संकल्प झाला होता. आकडा फळ्यावर छान दिसतो. पण जंगल आकड्यात मोजता येत नाही, हे मला एका नाण्याने शिकवलं. टेकडीवर आज काय आहे ते आधी जाऊन बघ. बोरी, हिवर, करवंद, हेकळ काही असेल तर त्याला हात लावू नकोस. नुसती चराई थांबवलीस तरी निम्मं काम होईल. उरलेल्या जागेत दोन हजारांऐवजी दोनशेच लाव, पण वीस जातींची लाव. कडुनिंब, करंज, आपटा, बहावा, पळस, चिंच, काय काय आहे आपल्याकडे! रोपवाटिकेत नसतील तर बिया मी जमवते. माझ्याकडे वेळच वेळ आहे, आणि वाड्यातल्या सगळ्या पोरांना खाऊच्या बदल्यात कामाला लावायची कला मी अजून विसरलेले नाही.

आणि त्यातली निम्मी मेली तर रडायचं नाही. मेलेलं झाड लगेच उपटायचं नाही. आधी वाकून त्याच्या बुंध्याशी काय उगवलंय ते बघायचं.

ओमा गेल्या वर्षी गेल्या. ते नाणं त्यांनी नातवाला दिलंय, तो पुढच्या सुट्टीत इकडे येताना घेऊन येणार आहे. ते तुला दाखवीन म्हणते.

तेव्हा फोन कर रे. उद्घाटन नको, हार नको, गाडीही नको. एस.टी.ने येईन. करवंदाची दोन रोपं मात्र माझ्यासाठी राखून ठेव. ती मी लावणार आहे.